हाफकिन आणि मुल्कोवालची बाटली

गेल्या फाल्गुनात वावरातून घरी येताना पऱ्हाटीचा एक खुंट चपलेतून आरपार जाऊन माझ्या तळपायात रुतला. रक्त फारसे आले नाही. मला त्याचे बरेच वाटले. पण दवाखान्यातल्या सिस्टरला मात्र ते आवडलेले दिसले नाही. रुंद, वाहती जखम बरी, ही अशी तोंड मिटलेली खोल जखम वाईट, असे म्हणत तिने धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आत हवा पोहोचत नाही, हे तिने दिलेले कारण. हवा पोहोचत नाही तर जंतू मरायला हवेत, असे मला वाटले. दहावीच्या विज्ञानात ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन अशी दोन नावे मी पाठ केली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण त्यांचा आपल्या पायाशी काही संबंध असेल हे कधी मनात आले नव्हते.

घरी आल्यावर आजीने पाय पाहिला आणि ती गप्प झाली. रात्री तिने जे सांगितले ते आमच्या घरात मी पूर्वी ऐकले नव्हते. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाळंतपण घरीच झाले. नाळ विळ्याने कापली, वर शेण लावले. तेव्हा तशीच रीत होती. सातव्या दिवशी बाळाने अंगावर पिणे सोडले, त्याचा जबडा उघडेना, आणि आठव्या दिवशी त्याचे अंग धनुष्यासारखे वाकून ते गेले. बारशाच्या आधीच गेल्यामुळे त्याला नाव नव्हते. सटवाईने त्याच्या कपाळी तेवढेच लिहिले होते, असे घरातल्या मोठ्यांनी ठरवले आणि विषय संपला.

पाय बरा होईपर्यंत मला बसून राहावे लागले. त्या काळात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून जी दोन-चार पुस्तके आणून मी वाचली, त्यांत वाल्देमार हाफकिन यांची हकीकत आली. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. लहानपणापासून मला वाटे की हाफकिन हे लसीचेच नाव आहे. तो एक माणूस होता, त्याने प्लेगची लस शोधली, आणि धनुर्वाताच्याच जंतूने त्याच्या आयुष्याची माती केली, हे वाचले तेव्हा मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्रीय भागात काही चूकभूल झाल्यास विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी सांभाळून घ्यावे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. तेथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. मेचनिकॉफ हे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. १८८१ साली ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉफ यांनी खटपट करून त्यांना सोडवले. पदवी मिळाली, परंतु ज्यू माणसाला प्राध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर वाट मोकळी होती. त्यांनी तो स्वीकारला नाही. काही वर्षे एका संग्रहालयात काम करून १८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जाऊन जंतू पाहायचे. शिकलेल्या माणसाने मिळेल ते काम पत्करून आपले काम चालू ठेवावे, याचे हे उदाहरण मला फार जवळचे वाटले.

ज्या लुई पाश्चर यांच्या संस्थेत ते दाखल झाले, त्यांनीच हवेवाचून जगणाऱ्या जंतूंचा शोध लावला होता. तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. १८६१ साली पाश्चर लोणी खवट करणाऱ्या आम्लाचे किण्वन तपासत होते. काचेच्या पट्टीवर त्या द्रवाचा एक थेंब ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. थेंबाच्या मध्यभागी जंतू जोरात वळवळत होते; कडेचे, म्हणजे जेथे हवा लागत होती तेथले, निपचित पडले होते. तोपर्यंत साऱ्या शास्त्रज्ञांचा समज असा की हवेवाचून जीव नाही. येथे तर हवाच जीव घेत होती!

याचा उलगडा पुढे अनेकांच्या कामातून झाला. मला तो चुलीवरून समजला. कोरडे लाकूड मोकळ्या हवेत पेटवले की ते राख होईपर्यंत जळते आणि आपली सगळी आच देऊन टाकते. तेच लाकूड मातीखाली दाबून धुपवले तर त्याचा कोळसा होतो. आच थोडी मिळते, पुष्कळशी कोळशातच शिल्लक राहते. जंतूंचेही तसेच आहे. प्राणवायू वापरणारा जंतू साखरेचा एक रेणू थेट पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत जाळतो, आणि त्यातून त्याला शक्तीचे चलन असलेल्या एटीपीचे तीस-पस्तीस रेणू मिळतात. किण्वन करणाऱ्याला त्याच साखरेतून बहुधा दोनच मिळतात. बाकीची शक्ती त्याने टाकून दिलेल्या पदार्थांत, आम्लात, मद्यार्कात, वायूत राहते. आमच्या शेजाऱ्यांच्या गोबरगॅसवर चहा उकळतो तो याच शिलकीवर. हौदातल्या शेणात हवा नसते; तेथले जंतू अर्धवटच जाळतात आणि न जळलेला भाग गॅस होऊन शेगडीपर्यंत येतो.

काही जंतू दोन्हींकडे निभावून नेतात. हवा मिळाली तर श्वास घेतील, नाही मिळाली तर अर्धपोटी जगतील. प्लेगचा जंतू अशांपैकी आहे. धनुर्वाताचा तसा नाही. त्याला प्राणवायूचे विष होते, कारण प्राणवायूपासून पेशीत जे दाहक पदार्थ तयार होतात त्यांचा बंदोबस्त करण्याची पुरेशी सोय त्याच्याजवळ नाही. तो साखरेवरही फारसा अवलंबून नसतो. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे अमिनो आम्ले, फोडून तो आपली शक्ती मिळवतो आणि त्या फोडण्यातून दुर्गंधी निघते. हवा लागली की तो बीजाणूच्या रूपात कवच घालून निजतो. शेणात, मातीत, गोठ्यात वर्षानुवर्षे निजून राहतो. कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुडवल्याने तो मरत नाही. मिटलेल्या जखमेत किंवा बंद बाटलीत जागा मिळाली की मात्र उठतो. या दोन गोष्टी, दुर्गंधी आणि झोप, वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम आहे.

हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले आणि दोन-अडीच वर्षांत कलकत्त्यापासून उत्तरेकडील प्रांतांपर्यंत हिंडून त्यांनी सुमारे बेचाळीस हजार लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती ढासळली म्हणून इंग्लंडला गेले आणि बरे वाटताच परत आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. त्या प्लेगबद्दल मराठी वाचकाला सांगायला नकोच. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे प्लेगच्या नावाखाली घराघरात घुसणाऱ्या गोऱ्या सोजिरांचा संताप होता. आपण इतिहासाच्या तासाला एवढे वाचतो. त्याच महिन्यांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत आणि एका व्हरांड्यात, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी घेऊन एक परदेशी माणूस लस उकळीत बसला होता, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात मला आढळले नाही.

ती लस कशी करीत तेही पाहण्याजोगे आहे. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू सोडायचे आणि रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून, हवेच्या लगतच्या थरात वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या दगडी झुंबरांसारखे खाली लोंबत. भांडे हलवले की ती झुंबरे तळाशी जात आणि वर नवी धरू लागत. सुमारे सहा आठवड्यांनी सगळे तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक घालायचे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप या कामी यावे याची मला मौज वाटली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हीही लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देत त्यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप चढला, हात दुखला, पण कोणाला न सांगता त्यांनी काम चालू ठेवले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथल्या स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडून सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोन आजारी पडले आणि कोणी दगावले नाही. कैद्यांवर असा प्रयोग करावा की नाही, हा प्रश्न आज आपल्याला पडतो, आणि पडायलाच हवा. आगाखान यांनी आपल्या खोजा समाजात या लसीचा पुरस्कार केला. मागणी वाढली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. ते वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते, आणि प्रमुख होते. इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना हे रुचले नसावे, असे माझे मत आहे.

मग १९०२ साल आले. पंजाबात प्लेग फार पसरला आणि तेथल्या सरकारने लसीची प्रचंड मागणी केली. ती पुरवण्यासाठी हाफकिन यांनी जलद पद्धत घेतली. जंतू आगरवर वाढवायचे आणि कार्बोलिक न घालता केवळ उष्णतेने मारायचे. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ माणसांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ माणसांना काही झाले नाही. ‘५३ एन’ असा क्रमांक असलेल्या बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले होते, त्यांना साधारण आठवड्याने धनुर्वात झाला. एकोणिसांपैकी एकही वाचला नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. प्लेगपासून वाचण्यासाठी ही माणसे आपल्या पायांनी चालत आली होती.

सरकारने चौकशी मंडळ नेमले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. जंतू बाटलीत कोठे शिरले, परळला की मुल्कोवालला, एवढाच प्रश्न होता. मंडळाने ठरवले की बाटली उघडण्यापूर्वीच ती दूषित झालेली होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ साली ते इंग्लंडला गेले. ज्या माणसाने दोन्ही लशी आधी आपल्या अंगात घेतल्या, त्याच्याकडे आता माणसे मारणारा म्हणून बोट दाखवले जात होते.

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच एक साक्ष होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. खेड्यातली जमीन, गुरांची वहिवाट, शेणमाती, सांगायला नको.

नुसता चिमटा पडला म्हणून दोष तेथला, असे म्हणता येत नाही. प्रश्न सुटला तो जंतूच्या जगण्याच्या रीतीवरून. ती बाटली परळहून भरून निघून ४१ दिवस झाले होते. समजा बीजाणू परळलाच आत पडले होते. मग बंद बाटली, आत मेलेल्या जंतूंच्या प्रथिनांनी गढूळ झालेला द्रव, हिंदुस्थानची उष्णता आणि हवेचा पत्ता नाही; धनुर्वाताच्या जंतूला याहून सुखाचे घर कोणते? ४१ दिवसांत त्याने जागे होऊन ती प्रथिने फोडली असती, आणि बूच काढताच दुर्गंधी सुटली असती. शिवाय त्याचे विष आधीच तयार होऊन साठले असते आणि टोचलेली माणसे दोन-तीन दिवसांत आजारी पडायला हवी होती. प्रत्यक्षात बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता, अशी डॉक्टरांची साक्ष होती. आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला. म्हणजे बाटलीतून अंगात गेले ते विष नव्हे, नुकतेच पडलेले, झोपलेले बीजाणू होते. ते सुईच्या वाटेने कातडीखाली, हवा नसलेल्या जागी गेले आणि मग तेथे जागे झाले.

आजीच्या बाळाचेही आठच दिवस होते. विळा आणि शेण यांतून जे काही नाळेत गेले असेल, त्याला उठायला तेवढाच अवधी लागला.

मलेरियाचा डासाशी संबंध शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि प्रा. सिम्प्सन यांनी हा मुद्दा लावून धरला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात रॉस आणि आणखी नऊ नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेवरचा आरोप पुराव्याने सिद्ध होत नाही, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पार्लमेंटात प्रश्न निघाले. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर बोलावले. मुल्कोवालपासून पाच वर्षे गेली होती.

हे सगळे मी आजीला दोन रात्री सांगत होते. जंतूचे प्रकरण तिला चटकन समजले. उकिरड्याच्या तळचे खत आणि वरचे खत यांचा वास वेगळा असतो, हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होते. हाफकिन सुटला याचा तिला आनंद झाला. पण चिमटा पडलेल्या त्या साहाय्यकाविषयी तिने बराच वेळ विचारले. त्याने मुद्दाम तर केले नाही, त्याला कोणी सांगितले नव्हते, असे ती म्हणत राहिली. आमच्या घरी नाळ कापणाऱ्या सुईणीचा राग तिने कधी धरला नव्हता, हे मला त्यावरून कळले.

हाफकिन परत आले खरे, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले आणि तेथे लस टोचून पाहण्याचे प्रयोग करण्याची मुभा त्यांना राहिली नाही. ज्याने स्वतःच्या दंडावर प्रयोग केले त्याने आता कागदावर विचार करावा, अशी ती नेमणूक होती. न्याय मिळाला असे आपण म्हणतो, पण मला तो निम्माच वाटतो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्मासाठी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले होते, त्याकडे ते उतारवयात अधिकाधिक वळले आणि आपली संपत्ती ज्यू धार्मिक विद्यालयांच्या मदतीसाठी ठेवून गेले.

त्यांच्या प्लेग लसीच्या दोन कोटींहून अधिक मात्रा १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून बाहेर पडल्या. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले गेले. तेव्हा ते हयात होते, दूर युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. बाळबाळंतिणीच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे भारताच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. गर्भारपणातली दोन इंजेक्शने, स्वच्छ ब्लेड, आणि नाळेला काहीही न लावणे, एवढ्यावर ते झाले. जंतू मात्र गेलेला नाही. तो आमच्या गोठ्यात आहे, वावरात आहे, आणि ज्या खुंटाने माझा पाय फोडला त्याच्या बुडाशी मातीतही असणार.